गोळी देण्यापूर्वी एक प्रश्न

(आरोग्य कर्मचारी व पंचायत सदस्यांच्या मेळाव्यासाठी तयार केलेले भाषण)



संततिप्रतिबंधक गोळी आज खेड्यापाड्यांत पोचली आहे. ‘माला-एन’ शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळते. आशा कार्यकर्त्या ती घरपोचही देतात. बहुसंख्य निरोगी स्त्रियांना ती निर्धोक आहे. मात्र गोळी घेणारी स्त्री धूम्रपान करीत असेल, तर हीच गोळी तिच्या जिवावर बेतू शकते.

याचे कारण असे. या गोळीत दोन संप्रेरके असतात. त्यांपैकी इस्ट्रोजेनमुळे रक्त गोठण्याची प्रवृत्ती काहीशी वाढते. विडी-सिगारेटच्या धुराने रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराला इजा होते व तेथे गुठळी धरण्यास वाव मिळतो. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांचा धोका वाढतो. वयाबरोबर तो अधिकच वाढत जातो. ब्रिटनमध्ये १९६८ साली सुमारे ४६,००० स्त्रियांची पाहणी सुरू झाली. तिच्या १९७७ च्या निष्कर्षांनी या धोक्याकडे जगाचे लक्ष वेधले.

जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक स्पष्ट आहे. वय ३५ किंवा अधिक असून दिवसाला १५ वा त्याहून जास्त सिगारेटी ओढणाऱ्या स्त्रीस ही गोळी मुळीच देऊ नये. त्याच वयात याहून कमी ओढणाऱ्या स्त्रीसही ती सहसा देऊ नये. पस्तिशीच्या आतील स्त्रीला गोळी घेता येते. तरी धूम्रपान सोडणेच तिच्या हिताचे.

‘आमच्या गावात बायका कुठे विडी ओढतात?’ असे कोणी म्हणेल. विडी ओढणारी स्त्री ती गोष्ट चारचौघांत सांगत नाही, म्हणूनच हा प्रश्न एकांतात आणि दोष न देता विचारला पाहिजे. मिशरी लावण्याची चाल तर आपल्याकडे जुनीच आहे. वरील दंडक धुरासंबंधी असला, तरी मिशरीही तंबाखूच होय. तिची चौकशी करावी व ती सोडण्याचा सल्ला द्यावा. गोळी सुरू करण्यापूर्वी रक्तदाबही तपासून घ्यावा.

गोळी वर्ज्य म्हणून कुटुंबनियोजन वर्ज्य, असे मात्र नव्हे. तांबी, निरोध, ‘अंतरा’ इंजेक्शन, तसेच लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली इस्ट्रोजेनविरहित ‘छाया’ गोळी हे मार्ग खुले आहेत. कुटुंब पूर्ण झाले असेल, तर पतीची नसबंदी हा सुलभ उपाय आहे. भीतीपोटी गोळी एकाएकी टाकून, दुसरे साधन न घेता राहणेही बरे नव्हे; कारण गरोदरपणातही रक्ताच्या गुठळीचा धोका असतो, आणि तो गोळीहून अधिक असतो.

छातीत कळ, दम लागणे, तीव्र डोकेदुखी, दृष्टी अंधुक होणे, बोलणे अडखळणे, एका पायाच्या पोटरीत सूज व वेदना यांपैकी काहीही आढळल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. गोळी सुरू असल्याचे त्यांना आवर्जून सांगावे.

शिक्षकांनी पालकसभेत व पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत ही माहिती द्यावी. गोळीचे पाकीट हाती ठेवण्यापूर्वी ‘बाई, विडी-तंबाखूची सवय आहे का?’ एवढे विचारण्यास अर्धे मिनिट लागते. त्या अर्ध्या मिनिटाने एखाद्या घरातील आई वाचू शकते.