तळ दिसला पाहिजे

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात सोसायटीच्या माजी सचिवांनी केलेलं भाषण)



समितीनं मला सांगितलं, पंचवीस वर्षांतली एखादी आठवण सांगा. चांगल्या आठवणी बाकीचे सांगतीलच. मी माझी एक चूक सांगतो. आपल्या स्विमिंग पूलची.

चार वर्षांपूर्वीचा मे महिना आठवा. पूलचं पाणी ताकासारखं पांढुरकं झालं होतं. सभेत सगळ्यांचं एकच म्हणणं, पंप म्हातारा झालाय, मोठा बसवा. सर्वांत मोठा आवाज माझा. तीन हॉर्सपॉवरचा काढून पाचचा बसवला, नारळही फोडला. पाणी होतं तसंच राहिलं, वीजबिल तेवढं वाढलं.

मग एका संध्याकाळी एका मुलानं खोल बाजूला बुडी मारली आणि काठावर उभ्या असलेल्या त्याच्या आईला तो दिसेना. पाच-सहा सेकंदच. पोरगा हसत वर आला. पण त्या माउलीची हाक माझ्या कानातून अजून गेलेली नाही. तळच दिसत नसेल तर जीवरक्षक तरी काय करणार? त्या रात्री मी पूलला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी बी विंगमधले काका आले. आयुष्य पाणीपुरवठ्यात गेलेला माणूस. त्यांनी फिल्टरची टाकी उघडायला लावली. आतल्या वाळूचे गोळे झाले होते आणि मधून पाण्यानं आपल्या वाटा पाडल्या होत्या. म्हणजे पाणी गाळलं न जाताच परत पूलमध्ये येत होतं. मग जुन्या नोटिशीच्या मागे काकांनी हिशोब मांडला. पूल १५ मीटर लांब, ६ मीटर रुंद, सरासरी खोली १.२ मीटर, म्हणजे १ लाख ८ हजार लिटर. एवढं पाणी सहा तासांत एकदा फिरवायचं तर ताशी १८ हजार लिटर पुरे. माझा पंप २७ हजार ढकलत होता, तेही ७५ सेंटिमीटर व्यासाच्या एकाच टाकीतून!

काका म्हणाले, "अहो, गाळणीवर चहाचं पातेलं एकदम उलटं केलं तर चोथा कपातच येणार. वाळू घाण धरून ठेवते, पण तिला वेळ द्यावा लागतो." मला पंप मोठा हवा होता, हवी होती ती गाळणी मोठी.

मग तेवढ्याच व्यासाची दुसरी टाकी जोडली, दोन्हींत नवी वाळू भरली आणि वेग कमी-जास्त करता येणारा पंप घेतला. अशा पंपाचा वेग निम्मा केला तर पाणी निम्मं येतं, पण वीज कागदोपत्री एक-अष्टमांशच लागते. प्रत्यक्षात थोडी जास्त लागते, तरी दुप्पट वेळ चालवूनही बचतच होते. त्यामुळे आपला पंप आता रात्रभर हळू चालतो.

खर्चावरून सभेत भांडण झालं. "आम्ही पाण्यात पायही घालत नाही, आम्ही का द्यायचे?" हा प्रश्न चुकीचा नव्हता. पण पूलला कुंपण घातलं तरी पोरं आपलीच आहेत, असं ए विंगमधल्या आजी म्हणाल्या आणि ठराव मंजूर झाला. आजी कधीही पूलमध्ये उतरल्या नव्हत्या.

नव्या समितीला एवढंच सांगणं आहे. वाळू धुतल्यावर टाकीवरच्या काट्याचा आकडा रजिस्टरमध्ये लिहा. तो साधारण अर्ध्या बारनं चढला की बॅकवॉश करा, एका वेळी एकच टाकी. उगीच रोज करू नका, टँकरचं पाणी गटारात जातं. वाळू पाच ते सात वर्षांनी बदला. भरल्याचं वर्ष मी टाकीवर रंगानं लिहून ठेवलंय. आणि बच्चेकंपनी, आधी शॉवर, मग उडी! डोळे झोंबतात, वास येतो, तेव्हा आपण क्लोरीनला शिव्या देतो. पण घाम आणि, स्पष्ट बोलतो, सू-सू क्लोरीनमध्ये मिसळली की तो वास येतो.

मी अजूनही सकाळी फिरायला जाताना पूलपाशी थांबतो. खोल बाजूच्या तळाची काळी रेघ स्पष्ट दिसली की पुढे जातो. ज्या दिवशी ती दिसणार नाही, त्या दिवशी सभेची वाट बघू नका. आधी कुलूप लावा.