बुलेटची थरथर : गिअर बॉक्स बदलण्यापूर्वी काय तपासावे?



दुधाचे कॅन किंवा खताची गोणी घेऊन रोज धावणारी जुनी बुलेट आजही अनेक घरांत आहे. अशा गाडीची थरथर वाढली, हाताला मुंग्या येऊ लागल्या, की "चार गिअरचा बॉक्स काढा, पाच गिअरचा टाका" असा सल्ला हमखास मिळतो. हा खर्च करण्यापूर्वी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली गोष्ट अशी की, साडेतीनशेच्या बुलेटला एकच सिलिंडर आहे आणि त्यात पिस्टन 90 मि.मी. वर-खाली होतो. त्यामुळे थोडी थरथर राहणारच. पूर्वीपेक्षा ती वाढली असेल तरच दोष समजावा. दुसरी गोष्ट म्हणजे, जुन्या चार गिअरच्या आणि त्या जागी बसणाऱ्या पाच गिअरच्या बॉक्समध्ये शेवटच्या गिअरचे प्रमाण सारखेच, म्हणजे एकास एक आहे. स्प्रॉकेट तेच ठेवले तर ताशी 60 कि.मी. वेगाला इंजिनाचे फेरे तेवढेच राहतात. पाच गिअरमुळे दोन गिअरमधील अंतर कमी होते, चढावर सोय होते. इंजिनाची थरथर मात्र त्याने जात नाही.

मग दोष कसा शोधावा? प्रथम गाडी बंद व थंड असताना सर्व फाउंडेशन बोल्ट पान्याने तपासावेत. या गाडीच्या चेसिसला इंजिनाखाली नळी नाही. इंजिन हाच सांगाड्याचा भाग आहे आणि गिअर बॉक्स इंजिनाच्या पाठीला जोडलेला आहे. एखादा बोल्ट ढिला असला तरी सर्व गाडी हादरते. इंजिनाच्या पट्ट्या आणि हेडपासून चेसिसला जाणारी पट्टी तडकली आहे का, तेही पाहावे.

नंतर गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून रेस हळूहळू वाढवावी. थरथर इथेच आली तर दोष इंजिनाकडे आहे. प्लग, कार्बोरेटर आणि टायमिंग पाहावे. पॉइंट असलेल्या गाडीत फट 0.35 ते 0.40 मि.मी. असावी. इंजिन थंड असताना, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असलेल्या स्थितीत पुशरॉड बोटांनी सहज फिरावा, पण वर-खाली हलू नये.

उभ्या गाडीत थरथर नसेल तर मोकळ्या, सरळ रस्त्यावर रिकामी गाडी चालवावी. थरथर सुरू होताच रेस सोडून क्लच दाबावा. तरीही थरथर चालूच राहिली तर टायर, रिम, चाकाचे बेअरिंग किंवा मागची चेन यांत दोष आहे. मग तोच वेग तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये ठेवून पाहावा. गिअर बदलला तरी त्याच वेगाला थरथर येत असेल तर दोष मागच्या बाजूला आहे. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर ती बदलत असेल तर दोष इंजिनाचा. फक्त एकाच गिअरमध्ये आवाज किंवा हादरा येत असेल, तरच गिअर बॉक्सवर संशय घ्यावा.

चेन तपासताना इंजिन बंद ठेवावे. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन चाक हाताने फिरवावे व चार-पाच ठिकाणी चेनचा झोल पाहावा. तो सुमारे 25 मि.मी. असावा. एके ठिकाणी चेन ताठ आणि दुसरीकडे सैल असेल, किंवा स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वाकले असतील, तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलावेत. मागच्या हबमधील रबरेही पाहावीत.

इंजिनाच्या खालच्या भागातून ओझ्याखाली ठोका ऐकू येत असेल तर गाडी चालवू नये. कनेक्टिंग रॉडचे किंवा क्रँकचे बेअरिंग गेलेले असू शकते. रॉड तुटला तर क्रँककेस फुटतो आणि खर्च कितीतरी वाढतो.

बंधूंनो, थरथर कोणत्या वेगाला, कोणत्या गिअरमध्ये आणि ओझे असताना येते की नसताना, हे कागदावर लिहून मिस्त्रीला दाखवा. इंजिनाचे हादरे तसेच ठेवले तर पिकाच्या पैशातून घेतलेला नवा बॉक्स त्याच हादऱ्यांवर बसेल. आधी दोष काढा. मग चढासाठी पाच गिअर हवेच असतील तर खुशाल बसवा.