सूपमधल्या करंज्या



आजचा विषय स्वयंपाकाचा आहे. चिनी डम्पलिंग सूप घरी कसं करायचं ते सांगणार आहोत. आज्जींसाठी सांगतो, हे सूप पाखडायचं नव्हे, प्यायचं आहे. शिर्डीच्या रस्त्याला संध्याकाळी चायनीजच्या आणि मोमोच्या गाड्या लागतात आणि घरातली पोरं तिकडे ओढ घेतात. मोमो मूळ तिबेट-नेपाळकडचे. उत्तर चीनमध्ये त्यांच्याच जातीचा जो पदार्थ करतात त्याला जियाओझी म्हणतात, आणि अगदी पातळ पारीचा, सूपमध्येच सोडून खायचा तो वाँटन. नावं अवघड आहेत, पण करणी आपल्या हातातली आहे. पारी लाटायची, सारण भरायचं, मुरड घालायची. दिवाळीला करंजी, गणपतीला मोदक आणि नागपंचमीला दिंडं करणाऱ्या बाईला यात नवं काही शिकायचं नाही.

पीठ उकळत्या रश्श्यात शिजवून रस्सा-कणीक एकत्र खायची रीतसुद्धा आपली जुनीच आहे. हुलग्याचे शेंगोळे घ्या, वरणफळं घ्या. थंडीत शेंगोळ्यांचा लसूण घातलेला झणझणीत रस्सा वाटीनं प्यायचा, तसंच हे. चीनमध्येही हा थंडीतलाच पदार्थ. वर्षातला सगळ्यात लहान दिवस, म्हणजे 21-22 डिसेंबर, त्या दिवशी उत्तरेकडच्या घरांत जियाओझी करतात. त्याची एक कथाही सांगतात. झांग झोंगजिंग नावाचा जुना वैद्य होता. थंडीनं लोकांचे कान सोलवटलेले पाहून त्यानं मटण आणि औषधी घालून कानाच्या आकाराचे हे तुकडे केले आणि गरम पाण्यासकट लोकांना वाटले. खरं-खोटं देव जाणे, पण आकार कानासारखा असतो हे खरं.

आता कृती. चार-पाच माणसांसाठी दोन वाट्या कणीक घ्या. गाडीवर निव्वळ मैदा असतो. आपण कणीक घ्यावी, फार तर वाटीभर कणकेला वाटीभर मैदा. मीठ घालून पुरीसारखं घट्ट मळायचं आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवायचं. तेवढा वेळ दिला नाही तर लाटलेली पारी मागे आकसते.

सारणाला कोबी बारीक चिरा, दोन वाट्या. त्याला मीठ चोळून दहा मिनिटं ठेवा आणि घट्ट पिळा. ही पायरी गाळू नका, कारण ओलं सारण पारी फोडतं. पिळलेलं पाणी फेकायचं नाही, ते सूपमध्ये जाईल. मग गाजर, पातीचा कांदा, आलं, लसूण, मिरेपूड. पोटाला आधार हवा म्हणून भिजवून पिळलेल्या सोयाबीनच्या वड्या बारीक करून घाला, किंवा पनीर कुस्करा. मांसाहारी घरात पाव किलो कोंबडीचा खिमा. भाजी हीच हवी असं काही नाही. चीनमध्ये लसणाच्या पातीसारखी एक पात सारणात भरपूर घालतात, शेपूसारखी दिसणारी बडीशेपेची पानंही घालतात. म्हणजे आपल्या वाफ्यातली लसूणपात, मेथी, शेपू चालायला काहीच हरकत नाही.

सुपारीएवढी लाटी घेऊन तळहाताहून लहान पारी लाटा. कडा पातळ, मधला भाग किंचित जाड. चमचाभर सारण, कडेला पाण्याचं बोट, आणि मुरड. दोन वाट्यांत तीस-पस्तीस होतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

सूपची चव कशात, तर पाण्यात. गाडीवर ती अजिनोमोटोनं आणतात. जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये समुद्री शेवाळाच्या पाण्यातून तो पदार्थ वेगळा काढला. त्याच्यावाचून आपलं अडत नाही, कारण आपल्याला कट माहीत आहे आणि अळणी माहीत आहे. पुरणाची डाळ शिजवून काढलेल्या पाण्याची कटाची आमटी का गोड लागते? डाळीचा अर्क त्यात उतरलेला असतो म्हणून. तसाच इथे अर्क काढायचा. कोबीची वरची पानं, गाजराची टोकं, कोथिंबिरीच्या काड्या, कांदा, एक टोमॅटो, ठेचलेलं आलं-लसूण, सगळं सात-आठ पेले पाण्यात मंद आचेवर अर्धा-पाऊण तास उकळून गाळा. कोंबडी असेल तर हाडांचं अळणी काढा. वर मिरेपूड, चमचाभर सोया सॉस, बस. सोया सॉस फार खारट असतो, कोबीचं पाणीही खारट असतं, म्हणून मीठ शेवटी चाखूनच घाला. घरात रक्तदाबाचं माणूस असेल तर सॉस वगळलेला बरा. कॉर्नफ्लोअर लावून दाटपणा आणायची गरज नाही.

डम्पलिंग वेगळ्या पातेल्यात उकळत्या पाण्यात सोडा, सूपमध्ये नको. पारीचं पीठ सुटून सूप गढूळ होतं. सोडल्यावर पळीच्या पाठीनं एकदा हळूच हलवा, म्हणजे तळाला चिकटत नाहीत. उकळी आली की पेलाभर गार पाणी ओतायचं, पुन्हा उकळी, पुन्हा गार पाणी, असं तीनदा. ही चिनी घरांतली रीत आहे. पारी फुटत नाही आणि आतपर्यंत शिजतं. खिम्याचं असेल तर एक कापून बघा, आत गुलाबी दिसता कामा नये. मग झाऱ्यानं काढून वाट्यांत घाला, वरून गरम सूप, पातीचा हिरवा कांदा आणि लिंबू. लिंबू नुसतं चवीला नाही. पालेभाजी-कडधान्यातलं लोह अंगी लागायला त्याची मदत होते.

लोहाचं निघालंच आहे तर त्या आकड्याकडे येऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला. गटाच्या बैठकीत गोळ्यांचं बोलणं होतं, आणि गोळ्या घ्याव्यातच. पण ताटाचं बोलणं होत नाही. शेंगोळ्याचं पातेलं आपण सगळ्यांना वाढतो आणि शेवटी खाली उरलेला पातळ रस्सा भाकरीबरोबर आपण खातो. किती शेंगोळे कुणाच्या वाटीत गेले, कोण मोजतं? डम्पलिंग मात्र मोजता येतात. पस्तीस झाले आणि माणसं पाच, तर सात-सात. करणारीचे सात तिच्या वाटीत, इतरांबरोबरच. आमच्या काही गटांत हे ठरवून केलं, तेव्हा पहिल्या दिवशी घरात जरा हसू झालं. सासूबाईंच्या वाटीतही सातच पडले आणि त्यांनी ते आवडीनं खाल्ले, तेव्हा हसू थांबलं.

मुरड घालायचं कामही वाटून द्या. चीनमध्ये नववर्षाच्या आदल्या रात्री अख्खं घर गोल बसून जियाओझी भरतं, बापे माणसंसुद्धा. एखाद्यात नाणं लपवायची जुनी पद्धत होती, ज्याला मिळेल त्याचं वर्ष भाग्याचं. नाणं आपण घालू नये, दात जाईल, शेंगदाणा घाला. शेंगदाणा शोधायच्या नादानं पोरगं न आवडणारा कोबी गपगुमान खातं, हे आम्ही पाहिलंय.

गुरुवारी शिर्डीच्या गर्दीत विकायचं का, असंही गटांनी विचारलं. आमचं मत, सूप विकायला अवघड आहे. करून ठेवलं की पारी फुगून लगदा होतो. ऑर्डरवर कच्चे भरून देणं जमेल, पण त्याला अन्न नोंदणी काढावी लागते आणि खिम्याला थंड पेटी लागते. आधी चार वेळा घरी करा.

उरलेले शिजवलेले डम्पलिंग दुसऱ्या दिवशी सूपमध्ये परत उकळू नका. तव्यावर चमचाभर तेल सोडून एका बाजूनं खरपूस करा. चीनमध्येही उरल्यावर हेच करतात. शेंगदाण्याच्या ओल्या चटणीबरोबर डब्यात द्यायला बरे पडतात.