नकाराच्या छटा

इंग्रजीचे ‘डिनायल’ या एका शब्दावर भागते. मराठीने मात्र प्रसंगागणिक वेगळे शब्द योजिले. मागणी नाकारली जाते, आरोप नाकबूल केला जातो, वृत्ताचा इन्कार होतो, दावा नामंजूर होतो. आणि हक्काचे असूनही मिळू दिले नाही, तर माणूस वंचित राहतो.

सिंदेवाहीसारख्या वनव्याप्त तालुक्यात हा भेद केवळ शब्दकोशापुरता नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दाव्यावर ‘नामंजूर’ असा शेरा आला, म्हणजे सारे संपले असे नव्हे. नामंजुरीची कारणे लेखी कळविणे नियमाने बंधनकारक आहे. उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध साठ दिवसांत जिल्हा समितीकडे दाद मागता येते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाने अभ्यासगटांतून कायदा समजून घेतला आणि २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळविला.

सकारण नकाराला उत्तर देता येते. कारणाविना दिलेला नकार माणसाला वंचित करतो. म्हणून तो कागद वाचून त्याचा अर्थ सांगणारा शिकलेला शेजारी गावोगावी उभा राहिला पाहिजे.