लिहिलेलं तेच, वाजलेलं वेगळं

आज एकाच रचनेची दोन ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवून ऐकू या. रचना आहे सर्गेई रखमानिनॉव्ह यांचा दुसरा पियानो कॉन्चेर्टो. १८९७ मध्ये त्यांची पहिली सिंफनी सपशेल पडली आणि लेखन जवळजवळ थांबलं. डॉ. निकोलाई डाल यांच्या उपचारांनंतर ते पुन्हा लिहू लागले. १९०१ मध्ये पूर्ण झालेला हा कॉन्चेर्टो त्यांनी डाल यांनाच अर्पण केला.

आपल्याकडे एकच बंदिश दोन गायक वेगळी मांडतात, कारण विस्तार ज्याचा त्याचा असतो. इथे मात्र प्रत्येक स्वर छापलेला आहे. मग फरक पडतो तो लयीत, वजनात आणि कुणाचा आवाज पुढे ठेवायचा यात.

पहिलं मुद्रण १९२९ चं. पियानोवर स्वतः रखमानिनॉव्ह, सोबत स्टोकोव्स्की आणि फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा. दुसरं १९५९ चं. स्व्यातोस्लाव रिख्टर, सोबत विस्लोत्स्की आणि वॉर्सा फिलहार्मोनिक.

फक्त सुरुवात ऐका. पियानो एकटाच, घंटानादासारखे स्वरसमूह, हळू आवाजातून चढत जाणारे. रिख्टर प्रत्येक ठोक्याला थांबायला लावतात. पुढचा ठोका पडेपर्यंत आपण श्वास धरून बसतो. व्हायोलिन येतात तेव्हाही ती जड चाल सुटत नाही. रखमानिनॉव्ह तिथे रेंगाळतच नाहीत. त्यांना पुढची धून गाठायची आहे. ती धून ऑर्केस्ट्राकडे आहे, आणि रचनाकार असूनही ते पियानोला तिच्या मागे, साथीला ठेवतात.

काही जण म्हणतात, तेव्हाच्या तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटंच मावत, म्हणून घाई. मला हे पुरेसं वाटत नाही. घाईत वाजवणारा वाक्याच्या टोकाशी इतका सहज सैलावत नाही.

मग प्रमाण कोण? माझी नोकरी सैन्यात गेली. तिथे लेखी हुकूम काढणारा हयात असला, तरी जमिनीवर तो अमलात आणणाऱ्याला स्वतःची नजर वापरावीच लागते. पण हुकुमाचा हेतू विसरून चालत नाही. छापील स्वरलिपीत सुरुवातीला ‘मोडेराटो’, म्हणजे मध्यम लय, अशी सूचना आहे. रिख्टर तिच्यापासून बरेच लांब जातात, पण शेवटपर्यंत त्या संथपणाची जबाबदारी घेतात. म्हणून ते पटतं. नुसतं हळू वाजवून डोळ्यांत पाणी आणू पाहणारी मुद्रणंही पुष्कळ आहेत. ती ओळखायची, तर १९२९ चं मुद्रण कानात असायला हवं. या संगीताला लाडिक म्हणणाऱ्यांना रचनाकाराचं ते ताठ, कोरडं वादन हेच उत्तर आहे.

आधी रिख्टर ऐका, मग रखमानिनॉव्ह. जुन्या तबकडीची खरखर पाच मिनिटांत विसराल. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करा, आणि कोणतं पुन्हा लावावंसं वाटलं ते मला जरूर कळवा.