मोगलीची गावातली आई

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा संपादित भाग)



सिनेमावर बोलायला उभी राहिले म्हणून काही जणी हसल्या. हसा. पण हा सिनेमा आपल्या नदीकाठचा आहे. किप्लिंगच्या १८९४ सालच्या ‘जंगल बुक’मधली नदी म्हणजे आपली वैनगंगा. शिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि चंद्रपूर-गडचिरोलीची हद्द होऊन खाली प्राणहितेत जाते. शेरखान हा आपल्याच खोऱ्यातला वाघ.

डिस्ने कंपनीने १९६७ साली त्याचा कार्टून सिनेमा काढला. आता ही कंपनी आपले जुने कार्टूनपट खरी माणसं घेऊन पुन्हा काढते आहे. २०१६ साली ‘जंगल बुक’ आला. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत एक मुलगा उभा केला; रान आणि जनावरं संगणकावर बनवली. आपल्याकडे तो ८ एप्रिलला लागला, म्हणजे ऐन मोहफुलांच्या दिवसांत.

बचत गटाच्या बैठकीनंतर एका गावात आम्ही तो मुलांना दाखवला. बाया मागे बसल्या होत्या. अर्ध्यात एकीने विचारलं, “मॅडम, या रानात मोवा वेचाले कोनी येत नाई का?”

मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन १९६७ चा सिनेमा पुन्हा पाहिला. त्यात शेवटी एक मुलगी आहे. ती पाणी भरायला येते. बाप शिकार करतो, आई रांधते, उद्या मी रांधीन आणि माझी मुलगी पाणी भरेल, असं ती गाण्यातून सांगते, आणि मोगली तिच्या मागे गावात जातो. आपण अशा चित्रावर कितीदा टीका केली आहे! नव्या सिनेमाने ती मुलगीच काढून टाकली. मोगली रानातच राहतो. बाईचं काम चुकीचं दाखवलं होतं, तर बाईच नको, असा हा हिशेब. लांडगीण आई रक्षाला जरा जास्त जागा दिली, ते चांगलं केलं. पण पुस्तकात मोगलीला वाचवणारा ‘का’ अजगर इथे मुलाला भुलवून गिळायला निघालेली मादी झाला. स्त्रीपात्र वाढवायचं तर ते असं!

पुस्तकात मात्र एक बाई आहे, मेसुआ. तिचा मुलगा वाघाने नेलेला. मोगली गावात येतो तेव्हा तोच परत आला असेल या आशेने ती त्याला घरात घेते, दूध-भाकरी देते. पुढे गाव तिला आणि तिच्या नवऱ्याला चेटूक करणारे ठरवतं, बांधून ठेवतं, जाळायला निघतं. त्यांची जमीन आणि म्हशी वाटून घ्यायचंही ठरतं. किप्लिंग इंग्रजी राज्याचा भाट, म्हणून न्यायासाठी त्यांना इंग्रजांकडेच पाठवतो, ते सोडा. पण जमिनीचं त्याने बरोबर हेरलं. डिस्नेच्या दोन्ही सिनेमांत मेसुआ नाही. २०१८ साली दुसऱ्यांनी काढलेल्या ‘मोगली’त ती आहे, पण चेटकाचं प्रकरण तिथेही गळालं.

आपल्याकडे ते गळालेलं नाही. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली आला. तरीही ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यात वणी खुर्दला करणीच्या संशयावरून म्हाताऱ्या बायामाणसांना बांधून मारलं.

आणि वाघ. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. अशा वेळी शहरातला माणूस पहिला प्रश्न विचारतो, “पण त्या जंगलात गेल्याच कशाला?” त्याने पडद्यावर पाहिलेल्या रानात बाई नसतेच. पानं तोडायची, पुडे बांधायचे, फळीवर नेऊन मोजून द्यायचे, त्या पैशातून पावसाळ्याआधी घरात धान्य भरायचं, हे त्याने पाहिलेलंच नाही. सिनेमामुळे वाघ येतो असं मी म्हणत नाही. पण भरपाईच्या अर्जावर सही करणारा साहेबही असेच सिनेमे पाहून मोठा झालेला असतो.

मागच्या महिन्यात त्याच गावात मी मेसुआची गोष्ट सांगितली. सगळ्या गप्प झाल्या. मग एक म्हातारी म्हणाली, “म्हशी पायूनच केलं असन त्यायनं.” त्यानंतर दोन तास सातबाऱ्यावर कोणाकोणाचं नाव आहे, यावरच बोलणं चाललं. नऊ जणींचं नव्हतं. त्यांचे अर्ज आपण या आठवड्यात तलाठ्याकडे देतो आहोत. तुमच्या गावातल्या बायांची नावं जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे लिहून द्या.