गळ्यात माळ आणि हातात झोळी
(मंडळाच्या वर्धापनदिनी महाड येथे केलेले भाषण)



वर्धापनदिनी एखाद्या संताविषयी चार शब्द बोलावेत अशी आपली रीत आहे. जनाबाई झाल्या, मुक्ताबाई झाल्या, आणि शिवथरघळ इतकी जवळ, तेव्हा समर्थांचे नाव तर दर वर्षी निघतेच. यंदा मी गोव्याच्या एका ख्रिस्ती संताविषयी बोलणार असे कळल्यावर पोलादपूरच्या एका भगिनीने मला विचारले, "अहो बाई, ते आपले कोण?" प्रश्न रास्त आहे. पण पोलादपुरावरूनच गोव्याची वाट जाते ना? त्या वाटेने गेले की सासष्टीत बाणावली गाव लागते. तेथे २१ एप्रिल १६५१ रोजी जोसेफ वाझ यांचा जन्म झाला. ते धर्मगुरू झाले १६७६ साली. इकडे रायगडावर राज्याभिषेक होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती.

मधली काही वर्षे त्यांनी कानडा मुलखात काम केले. ते मी सोडून देते. मला लंकेविषयी सांगायचे आहे. जाफना तेव्हा डचांच्या ताब्यात होते आणि कॅथॉलिक धर्मगुरूंना तेथे सक्त मनाई होती. जवळजवळ तीस वर्षे तिकडच्या कॅथॉलिक लोकांना नाव ठेवायला, लग्न लावायला, मरताना पाणी घालायला म्हणा, आपला माणूस नव्हता. हे कानावर आल्यापासून वाझ यांना चैन पडेना. १६८७ साली त्यांनी धर्मगुरूचा झगा उतरवला, हमालासारखे फाटके कपडे घातले, आणि एका सोबत्यासह तुतिकोरीनहून होडीने, अनवाणी, जाफना गाठले.

उतरले ते हगवणीने अंथरूण धरूनच. रोग पसरेल म्हणून लोक जवळ येईनात. तेव्हा एक बाई रोज थोडी पेज आणून त्यांना देत असे, असे त्यांच्या चरित्रात सांगितले आहे. पुढे ते मोठे संत झाले, त्यांची चरित्रे लिहिली गेली. त्या बाईचे नाव मात्र माझ्या वाचनात कोठे आले नाही. माझे मन, खरे सांगू, तिच्यापाशीच अडकून राहते.

बरे झाल्यावर वाझ गळ्यात जपमाळ घालून दारोदार भिक्षा मागू लागले. आपल्याकडे तुळशीची माळ पाहून वारकरी ओळखतात, तसे ज्या घरातली माणसे त्या माळेकडे टक लावून पाहत, ते घर आपले असे ते समजत. मग रात्री गुपचूप प्रार्थना. भिक्षेकरी म्हणजे त्यांचे नुसते सोंग नव्हते. पोटही त्या झोळीवरच भरत होते.

१६९२ साली ते कँडीच्या राज्यात गेले, तर हेर समजून राजाने कैदेत टाकले. पुढे दुष्काळात त्यांनी प्रार्थना केली आणि पाऊस पडला, अशी एक कथा सांगतात. भाविकांना ती प्रिय आहे. मला १६९७ ची हकीकत अधिक मोलाची वाटते. त्या वर्षी कँडीत देवीची साथ आली. राजाने शहर सोडले. घरच्यांनी आपल्याच रोग्यांना रानात नेऊन टाकले. वाझ आणि त्यांचे भाचे जोसेफ कार्व्हालो तेथे जाऊन राहिले. झोपड्या उभारल्या, फोड धुतले, अन्न भरवले, मेलेल्यांना मूठमाती दिली. जात विचारली नाही, धर्मही नाही. आपल्या गाडगेबाबांनी हे पाहिले असते तर खराटा खाली ठेवून पाठ थोपटली असती!

मोठे धर्माधिकारीपद देऊ केले तेव्हा वाझ यांनी ते नाकारले. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधीही आज सापडत नाही. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोला येऊन त्यांना संत म्हणून घोषित केले.

आता थोडे घरचे. २२ जुलै २०२१ चा पूर आपण कोणी विसरलेलो नाही. सावित्री आणि गांधारी बाजारपेठेत शिरल्या, आणि त्याच दिवशी तळियेवर डोंगर कोसळला. पाणी ओसरल्यावर आपण साड्या वाटल्या. मीही होते. एका बाईच्या हातात साडी देताना मी म्हटले, "जरा इकडे बघा हं," आणि फोटो काढवला. तिने पदर तोंडावर ओढून घेतला. मला त्या वेळी थोडा रागच आला, की एवढे आपण करतो आणि हिला बघवत नाही! त्याच दिवशी आमच्या आळीत एक शेजारीण, जिचे स्वतःचे घर अजून चिखलात होते, एका म्हाताऱ्या आजींचे घर घमेल्याने उपसून देत होती. तिचा फोटो कोणी काढला नाही. वाझ यांचे चरित्र हाती आले पुढे दोन वर्षांनी, आणि त्या पेजेच्या ओळीपाशी मी पुस्तक मिटले.

चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी पुराच्या वेळचे फोटो मागितले आहेत. बाकीचे देते. तो एक मी देणार नाही. आणि त्या शेजारणीचे नाव छापायचे का, हे आधी तिलाच विचारा. ती मागच्या दाराशी चहाच्या कपबशा विसळते आहे.